परत घालून बघ

सरांना माझं नाव माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. हजेरीपटावर ते होतंच, आणि सर हजेरी नेमाने घेत. पण धुळ्यातल्या देवपूरच्या त्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकले तेवढ्या काळात एकदाही त्यांच्या तोंडून ते ऐकलं नाही. त्यांच्या लेखी मी 'भडगाव' होते. माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण 'नशिराबाद' होती. शिरपूरची दोघं होती, म्हणून एक 'शिरपूर थोरला' आणि दुसरी 'शिरपूर धाकटी'. खुद्द धुळ्याच्या पोरांना गावाचं नाव देऊन भागेना, तेव्हा ती गल्ल्यांवर गेली. "गल्ली नंबर चार, जागा आहेस की झोपलास?" असं सर फळ्याकडे तोंड करून विचारत, आणि गल्ली नंबर चार खरोखरच दचकून जागा होई.

पहिल्याच दिवशी ते बाकाबाकाशी येऊन उभे राहिले होते. "गाव?" एवढंच विचारायचे आणि हातातल्या कागदावर लिहून पुढे जायचे. मागच्या बाकावरच्या एकाने धीर करून म्हटलं, "सर, नाव नाही विचारलं."

"नाव तुझ्या आईवडिलांनी ठेवलंय, त्यांना ते माहीत आहे," सर म्हणाले. "इथे समीकरण सगळ्यांना एकच. कोण कुठून निघालं, त्यावर कोण कुठे पोचणार ते ठरतं. म्हणून मी सुरुवात विचारतोय."

आम्हाला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतो. तीनेक आठवड्यांनी आरंभीच्या अटींचा धडा आला. समीकरण एक, पण सुरुवातीचा बिंदू बदलला की उत्तराची वाट बदलते, हे सरांनी फळ्यावर पाच रेघा काढून दाखवलं. तेव्हा लक्षात आलं की हा विषय त्यांनी पहिल्या दिवशीच शिकवायला घेतला होता, आम्हालाच पत्ता नव्हता.

विषय होता डिफरन्शियल इक्वेशन्स. मराठीत अवकल समीकरणं म्हणतात, पण ते नाव घेतलं की लोक आणखीच घाबरतात. आता जळगावला मीच हा विषय शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला सरांचंच वाक्य चोरते: "समीकरण एवढंच सांगतं की आत्ता, या क्षणी, काय चाललंय. पुढे काय होणार ते आपण शोधायचं."

सर ते शोधत नसत, त्यांना ते दिसायचं. उंच, काटकुळा माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उजव्या खांद्यावर कायम खडूची भुकटी. कुणी बाहेरच्या परीक्षेतलं अवघड गणित घेऊन गेलं की ते कागद हातात धरून एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे. मग म्हणायचे, "हं. हे विझणार." किंवा, "हे फुगत जाणार, आवरणार नाही." किंवा, "हे बिचारं आयुष्यभर डुलत बसणार." आधी शेवट सांगायचे, आणि मग आम्ही अर्धा-पाऊण तास घाम गाळून तिथेच पोचायचो. मी एकदा मुद्दाम त्यांना चकवायला दोन पुस्तकांतली गणितं जोडून एक तिरपागडं समीकरण तयार करून नेलं. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "भडगाव, याला दोन आया आहेत."

प्राचार्यांच्या केबिनचं दार वर्षानुवर्षं धाडकन आदळायचं. ते आदळलं की आमच्या वर्गात खडू पडायचे. एके दिवशी सर मध्येच तास थांबवून सगळ्या वर्गाला त्या दारापाशी घेऊन गेले. शिपाई नानांकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि दार आपोआप मिटवणाऱ्या वरच्या दांडीतला स्क्रू थोडा पिळला. दार आता इतकं सावकाश मिटू लागलं की प्राचार्य आतून ताटकळत बघत राहिले. सरांनी स्क्रू उलटा थोडा ढिला केला, परत बघितलं, पुन्हा किंचित. चौथ्या खेपेला दार न आदळता, न रेंगाळता, आपल्या जागी येऊन शांत बसलं. "बघा," सर म्हणाले, "याहून लवकर हे आदळल्याशिवाय मिटू शकत नाही. दाराला समीकरण येतं. तुम्हाला कधी येणार?" ते दार पुढे मी कॉलेजात असेपर्यंत कधी आदळलं नाही. जाता-येता मी ते उगाच एकदा उघडून सोडायची.

चहाचंही तसंच. कँटीनच्या काचेच्या ग्लासाला एक बोट लावून ते सांगायचे, "अजून तीन मिनिटं." आम्ही मोबाईलवर वेळ लावायचो. तीन मिनिटांनी चहा पिण्याजोगा झालेला असायचा, भाजायचा नाही आणि कोमटही व्हायचा नाही. फक्त मे महिन्यात ते बोट लावत नसत. "मेमध्ये धुळ्यात चहा थंड होत नाही," म्हणायचे. "फार तर धुळ्याएवढा होतो."

आता एवढं सगळं डोळ्यांनी बघितल्यावर कुणाच्या मनात येईल की हा माणूस चुकू शकतो? आमच्या तरी आलं नाही. आणि गंमत अशी, की सर स्वतः दर तासाला त्याचीच सूचना देत असत. त्यांचा एक नियम होता. उत्तर आलं म्हणून गणित संपत नाही. ते उत्तर उचलायचं, मूळ समीकरणात परत घालायचं, आणि डावी बाजू उजवीइतकी येते का ते बघायचं. आली तर उत्तर, नाही तर नुसतं लिखाण. "परत घालून बघ," हे वाक्य आम्ही दिवसातून वीस वेळा ऐकायचो. पेपरात बरोबर उत्तर लिहून ते परत न घालणाऱ्याचे ते निम्मे गुण कापायचे. पोरं कुरकुरायची.

दुसरा नियम त्यांनी पहिल्याच तासाला सांगितला होता. "फळ्यावरची माझी चूक ज्याला सापडेल, त्याने पुढे येऊन ती दुरुस्त करायची. तोवर मी त्याच्या बाकावर बसणार आणि त्याचं लिहून घेणार." आम्ही हसलो. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारलं, तर तेही हसले. त्यांच्या ऐकिवात सर कधी बाकावर बसले नव्हते.

माझं म्हणाल तर मी या विषयात गटांगळ्या खात होते. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी चार मिळाले. बारावीपर्यंत पाठ करून भागलं होतं, इथे भागेना. घरून निघताना आईशी माझा करार झाला होता: जमलं तर शिक, नाही तर मुकाट परत ये, उगाच वर्षं घालवू नको. आईने तर शेजारच्या अक्कांकडे ब्यूटी पार्लरच्या कोर्सची चौकशीही करून ठेवली होती. वडील, म्हणजे आबा, काही बोलत नसत. भडगावला त्यांचं पाण्यातल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. जळलेली मोटर उघडायची, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, आणि गिऱ्हाइकाला द्यायची. ते माझ्या बाजूचे होते, पण बाजू लावून धरायला माझ्याकडे काहीतरी हवं होतं ना. चार गुण घेऊन काय धरणार?

आणि मग तो गुरुवार आला. आखाजी जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात आणि गावोगावी कडुलिंबांना झोके बांधतात. सर म्हणाले, "नशिराबाद, झोका खेळतेस ना?"

"खेळते सर. आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्याच खेळतो."

"मग सांग, झोका उंच न्यायचा तर धक्का कधी द्यायचा?"

"झोक्याच्या लयीतच द्यायचा. आडनिडा दिला तर थांबतो."

"आजचं गणित तुला येतं," सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले. झोक्याची स्वतःची एक लय आणि त्याच लयीत बाहेरून बसणारे धक्के. समीकरणाच्या उजव्या बाजूला साइन टू एक्स होतं. सरांनी उत्तर काढलं: एक्स भागिले चार, गुणिले कॉस टू एक्स. तो एक्स भागिले चार म्हणजेच दर झोक्याला वाढत जाणारी उंची. त्यांनी खाली आकृती काढली, लाट पुढे पुढे उंच होत फळ्याच्या चौकटीबाहेर गेली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. लहानपणापासून ज्यावर बसले ते असं लिहिता येतं, याची कल्पनाच नव्हती.

तेवढ्यात घंटा झाली. "घरी परत घालून बघा," असं म्हणून सर गेले. फळ्यावर उत्तर परत न घालता त्यांना जाताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

मी ठरवलं, हे एक गणित तरी आपलं करायचं. शुक्रवारी वाचनालयात बसून उत्तर समीकरणात परत घातलं. यायला हवं होतं साइन टू एक्स. आलं उणे साइन टू एक्स. एक उणे चिन्ह कुठेतरी जास्तीचं. खोडलं, परत केलं. परत उणे. शनिवारी सकाळी ताज्या डोक्याने केलं, उणे. पायऱ्या सुट्या सुट्या लिहिल्या, डावीकडून केलं, उजवीकडून केलं. रविवारपर्यंत अकरा वेळा झालं. अकराही वेळा तेच उणे, आणि अकराही वेळा मी ते रागाने खोडलं. सरांचं उत्तर फळ्यावरचं होतं, त्यामुळे चूक माझी हे ठरलेलंच. ती चूक मला अकरा वेळात सापडत नसेल, तर मला गणितात काय ठेवलंय?

माझा स्वभाव आधीच तापट. सोमवारी सकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले, नशिराबादला म्हटलं, "मी चालले, विचारू नको," आणि बॅग उचलून एसटीत बसले. पारोळ्याला गाडी बदलेपर्यंत रडत होते. आबांनी दारात बघितलं आणि विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, "माझ्याच्यानं नही होत." ते माझी बॅग उचलून आत घेऊन गेले. आई मात्र त्याच दिवशी अक्कांकडे जाऊन आली.

इकडे वर्गात जे झालं ते मला नंतर नशिराबादने सांगितलं. सर दर रविवारी आठवड्यात शिकवलेलं सगळं स्वतः पुन्हा सोडवून, परत घालून बघत असत. सोमवारी वर्गात आले ते गंभीर चेहऱ्यानेच. विचारलं, "गुरुवारचं गणित कुणी कुणी परत घालून पाहिलं?" सगळ्या वर्गाने हात वर केले. "आलं बरोबर?" सगळे म्हणाले, "हो सर."

सरांनी खडू खाली ठेवला. "ते बरोबर येऊच शकत नाही," म्हणाले. "मी उणे चिन्ह विसरलो होतो."

वर्गात कुणाची मान वर उठेना. सर ओरडले मात्र नाहीत. बाकाबाकाशी जाऊन त्यांनी एकेक वही मागून घेतली, लाल पेनाने उणे चिन्ह घातलं, शेजारी सही केली. कुणीतरी म्हणालं, "सर, ग्रुपवर टाकलं तरी चालेल." सर म्हणाले, "चूक वहीत गेलीय, ती मोबाईलवर कशी दुरुस्त होईल?" शेवटी एक वही कमी भरली.

"भडगाव कुठे आहे?"

"गेली सर. गावी. सोडलं तिनं."

"वही घेऊन गेली?"

"हो सर."

"म्हणजे चुकीची वही घेऊन गेली," सर म्हणाले.

बुधवारी भर दुपारी आमच्या दुकानासमोर सर उभे. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात कापडी पिशवी, खांद्यावर त्याही दिवशी खडू. मी आतल्या दारातून बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सर!" "माय व, सर उनात!" म्हणत आई चहा ठेवायला धावली. आबांनी हातातली तार बाजूला ठेवून स्टूल पुढे केलं. "या सर, बठा. पोरनी काही चूक व्हयनी का?"

"मी तिच्या वहीसाठी आलोय," सर म्हणाले.

मी वही आणून दिली. त्यांनी गुरुवारचं पान काढलं, खिशातून लाल पेन काढलं, उत्तराच्या आधी उणे चिन्ह घातलं, सही केली. मला कळेचना काय चाललंय. मग त्यांनी सहज पान उलटलं. पुढच्या पानावर माझी खोडलेली आकडेमोड होती. त्यापुढच्या पानावरही. आणि त्यापुढेही.

सर वाचू लागले. वरवर नाही, एकेक ओळ, बोट ठेवून. दुकानात पंख्याचा आवाज तेवढा होता. आईने चहा आणून दिला, तो त्यांनी ग्लासाला बोट न लावता तसाच तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली. आधी त्यांनी वाचून संपवलं, अकरावं सुद्धा, आणि मग मान वर केली.

"हे कधी केलंस?"

"शुक्रवार ते रविवार, सर."

"कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"का नाही?"

"माझंच चुकत होतं सर. तुमचं कसं चुकेल?"

सरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "अकरा वेळा बरोबर आलं होतं तुझं. अकरा वेळा खोडलंस." त्यांचे डोळे भरले होते. त्या माणसाचे डोळे भरू शकतात हेही मला त्याच दिवशी कळलं.

आबा बिचारे घाबरले. "काय शे सर? सांगा तरी."

सर त्यांच्याकडे वळले. वर्गात पुस्तकासारखं बोलणारे आमचे सर आबांना म्हणाले, "चूक मनी शे, भाऊ. तुमनी आंडेर बरोबर शे."

आंडेर म्हणजे लेक; सरांना आमची अहिराणी येते हे मला ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी आबांना सगळं समजावलं, आमच्याच बोलीत. उत्तर काढणं म्हणजे काय, परत घालणं म्हणजे काय, वर्गात सगळ्यांनी हात वर करून कसं खोटं सांगितलं, आणि हे काम एकट्या कुणी केलं. आबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची नजर कोपऱ्यातल्या पाण्याच्या हौदाकडे गेली. नवी भरलेली प्रत्येक मोटर आधी त्या हौदात सोडून चालवून बघायची, त्याशिवाय ती दुकानाबाहेर जात नाही. जन्मापासून मी ते बघत आले, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"म्हंजे मोटर अकरा येळे पाणीमा चालनी," आबा म्हणाले, "आन् हाई पोर म्हनस, जयेल शे!"

चालती मोटर जळलेली म्हणून बाजूला टाकायची! सर इतके मोठ्याने हसले की आई आतून बाहेर आली. मग त्यांनी वही पुन्हा उघडली आणि माझ्या प्रत्येक खोडलेल्या उत्तरापुढे लाल बरोबरची खूण केली. अकरा खुणा. निघताना उंबऱ्याशी म्हणाले, "वह्या मी दुरुस्त केल्या. फळा राहिलाय, तो माझा नाही. उद्या अकराला तास आहे, भडगाव." आणि स्टँडकडे चालू लागले. आईने माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि म्हणाली, "मी अक्कांना सांगते, नको म्हणून."

गुरुवारी अकराला मी वर्गात गेले तेव्हा फळा पुसून स्वच्छ, वाळलेला होता. फळ्याच्या कडेवर खडूचा एक नवा तुकडा ठेवलेला. आणि सर माझ्या बाकावर, नशिराबादच्या शेजारी बसले होते. त्यांचे लांब गुडघे बाकात मावत नव्हते. पुढे एक कोरी वही उघडली होती, आणि हातात नशिराबादकडून मागून घेतलेली पेन्सिल. सगळ्यांच्या वह्या कोऱ्या पानावर उघडलेल्या.

मी खडू उचलला. गणित लिहिलं, पायऱ्या लिहिल्या, उत्तर लिहिलं, आणि त्याच्या आधी उणे चिन्ह घातलं. मागे सगळ्यांच्या वह्यांचा आवाज येत होता. सुटले एकदाची, असं म्हणत मी खडू ठेवायला वळले, तर माझ्या बाकावरून एक हात वर झालेला. खडूने पांढरा झालेला.

"काय सर?" मी विचारलं.

सर उभे राहिले. आम्ही राहायचो तसेच, बाकाला धरून.

"मॅडम," ते म्हणाले, "परत घालून दाखवा."

मी खडू पुन्हा उचलला आणि बाराव्यांदा परत घातलं. साइन टू एक्स आलं. या खेपेला मी ते खोडलं नाही.